एकशे सातनंतरचं पान

तिसऱ्या मुलीनेही घोडी बरी होऊन कुरणात गेल्याचं सांगितलं, तेव्हा लोरेनने उचललेला शिक्का खाली ठेवला.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला नियम सोपा होता. पुस्तक वाचायचं, टेबलाशी येऊन गोष्ट सांगायची, कार्डावर शिक्का घ्यायचा. ओहायोतल्या त्या गावच्या लायब्ररीत लोरेन सव्वीस वर्षं शिक्के मारत आणि फाटकी पुस्तकं दुरुस्त करत आली होती. या गोष्टीतली घोडी मरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने कपाटातली एक प्रत उघडली. एकशे सातनंतर थेट एकशे बारा. मधली पानं एकमेकांना चिकटवली होती. कडेने गोंदाची बारीक, सरळ रेघ आणि मध्ये एक ठिपका. काम नीटनेटकं होतं. दोन दिवसांत अशी अकरा पुस्तकं सापडली. कुठे म्हातारा कुत्रा, कुठे कुणाचे आजोबा. जिथे म्हणून कुणी मरत होतं, ते पान बंद.

मंगळवारी तिने कोरीन नोवाकला गोंदाच्या बाटलीसकट पकडलं. पोरगी सोळा वर्षांची. समुपदेशकाच्या खोलीची काच फोडली म्हणून वसंतातच शाळेतून काढलेली. सात वर्षांच्या भावाला, टोबीला, घेऊन ती रोज इथे येऊन बसे. त्यांची आई शेवटच्या आजारात नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात होती. ती परत येणार नाही हे गावाला माहीत होतं. टोबीला मात्र शाळा सुरू व्हायच्या आत येईल असं सांगितलं होतं.

मागच्या खोलीत कोरीनने काहीच नाकारलं नाही. नुकसान भरून देईन, म्हणाली, फक्त आम्हाला येऊ नका म्हणू नका.

"टोबीचं एक पुस्तक पुरलं असतं की. सगळ्यांची कशाला गं?"

"एकाने वाचलं की दुसऱ्याला सांगतो, मिस लोरेन. मग तो तिसऱ्याला." तिने काचेपलीकडच्या बुटक्या खुर्च्यांकडे पाहिलं. "शाळा सुरू होईपर्यंत तरी कुणालाच कळायला नको."

लोरेनला रागवायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली की हा गोंद वाईट, कागद खातो.

दार ढकलून टोबी आत आला. पुस्तक त्याने पोटाशी धरलं होतं.

"मिस लोरेन, यातली पानं कमी आहेत. मी दोनदा मोजलं."

"छापायला विसरले असतील रे," कोरीन म्हणाली.

"चार पानं कोण विसरतं? एकशे सातवर घोडी आजारी आहे. एकशे बारावर तबेला रिकामा आहे आणि तो मुलगा कुणाशी बोलत नाहीये." त्याने बहिणीकडे पाहिलं. "मधे काय झालं, कोरी?"

छापखान्यात असं होतं कधी कधी, एवढं लोरेन म्हणाली असती तरी भागलं असतं. कोरीनचे डोळे तेच मागत होते. पण लोरेन कोरीनकडे वळून हळूच म्हणाली, "वाफेने गोंद सुटतो. किटली लावू का? तू म्हणशील तसं."

कोरीन बराच वेळ हातातल्या बाटलीचं टोपण फिरवत राहिली. मग तिने होकाराने मान हलवली.

वाफेवर कडा ओलसर होऊन सुटल्या. लोरेनने पुस्तकदुरुस्तीच्या हाडाच्या पट्टीने पानं वेगळी केली, पण मधल्या ठिपक्यापाशी कागदाचा पापुद्राच निघून आला. टोबी ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचू लागला. घोडी आडवी झाली. मुलाने तिच्या मानेवर हात ठेवला. मग बोट थांबलं.

"इथे अक्षरंच नाहीत."

कोरीन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. चिकटवण्याआधी तिने त्या ओळी किती वेळा वाचल्या होत्या, कोण जाणे. टोबीचं बोट आपल्या हातात घेऊन तिने ते त्या पांढऱ्या डागावर डावीकडून उजवीकडे नेलं, आणि त्याच्या वाचनाच्या संथ गतीने, एकही शब्द न गाळता, त्या तीन ओळी म्हटल्या.