सुटलेली पट्टी

डोकं आपटून बारा दिवस झाले होते आणि उत्कर्षाला आता काहीही त्रास उरला नव्हता.

मूळची यवतमाळची उत्कर्षा खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायची आणि दर रविवारी सकाळी बॅडमिंटन खेळायची. त्या रविवारी उंच उडालेल्या शटलसाठी ती आणि तिचा जोडीदार तेजस दोघंही मागे धावले. टक्कर झाली, ती पाठीवर पडली. पुढची दोन-तीन मिनिटं तिला अजून आठवत नाहीत. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मेंदूला हादरा बसलाय, विश्रांती घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठव्या दिवशी डोकेदुखी थांबली आणि अकराव्या दिवशी तिने कंपन्यांच्या स्पर्धेत नाव देऊन टाकलं.

खेळायला हरकत नाही, एवढी चिठ्ठी हवी होती. त्यासाठी ती फिजिओथेरपिस्ट नीरजा मॅडमकडे गेली.

मॅडमनी तिला फरशीवरच्या रेषेवरून टाचेला अंगठा लावत चालायला लावलं. जमलं. मग तेच चालणं, पण शंभरातून सात-सात वजा करत. शहाऐंशीला तिचं पाऊल रेषेबाहेर गेलं आणि तिने भिंत धरली. माझं गणित कच्चं आहे, असं ती हसत म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी एक लाकडी पट्टी तिच्या बोटांच्या मधोमध उभी धरली. सोडली की पकडायची. पट्टी सुटली. सुटताना उत्कर्षाला ती स्वच्छ दिसली. पण बोटं मिटली तेव्हा पट्टी खाली पडून वाजलीसुद्धा होती. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच.

दुखणं थांबलं तरी मेंदू अजून सावरलेला नाही, मॅडम सांगत होत्या. डोळ्यांना दिसतं, पण हातापायांपर्यंत ते उशिरा पोचतं; एका वेळी दोन कामं आली की आणखी उशिरा.

"इथे कशा आलात?" त्यांनी विचारलं.

"स्कूटरवर."

"एकट्याच?"

उत्कर्षाने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर तिची पाच वर्षांची वल्लरी चित्र रंगवत बसली होती. तिला पुढे उभी करून ती मुंढव्याच्या चौकातून आली होती. वाटेत समोरचा टेम्पो थांबला, तेव्हा स्कूटर त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती. चूक टेम्पोवाल्याची, म्हणून ती त्यालाच बोलली होती. आता तिला ती वीत आठवली.

तिने नवऱ्याला, आमोदला, फोन करून सगळं सांगितलं.

"तिथेच थांब," तो म्हणाला. "मी येतो."

पुढचे पाच आठवडे ती कंपनीच्या बसने गेली आणि मॅडमनी दिलेले व्यायाम करत राहिली. सहाव्या आठवड्यात तिने पाचपैकी चार वेळा पट्टी पकडली. स्पर्धा तोवर होऊन गेली होती. मॅडमनी खेळायला आणि स्कूटर चालवायला परवानगी दिली. वल्लरीला स्कूटरवर घ्यायला मात्र तिला आणखी महिना लागला.