साठ तास

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिसावं लागलं तरी ती धाकटीच. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या वहिनीनं तिच्या वेण्या घालण्यापासून ते शाळेत जाऊन बाईंशी भांडण्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं. दादा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घर म्हणजे या दोघीच.

धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि दर वर्षी एकच अर्ज भरायची. मोठ्या हॉस्पिटलात रेडिओग्राफीचं दोन वर्षांचं प्रशिक्षण होतं. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सगळं हाताखालून जायचं. जागा बारा, अर्ज पाचशेच्या वर. पहिल्या वर्षी ती लेखी परीक्षेतच गळाली. दुसऱ्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोचली आणि यादीत तेरावी आली. वरच्या बाराजणांपैकी एकही हलला नाही. तीस पूर्ण झालं की अर्जच घेत नसत, म्हणजे हे वर्ष शेवटचं.

"या खेपेला नाही झालं तर गं?" वहिनीनं विचारलं होतं.

"तर काय, खोकल्याची औषधं विकत म्हातारी होईन."

"होशील. आणि मीच तुझी गिऱ्हाईक."

मुलाखतीआधी हॉस्पिटलात साठ तास नुसतं बसून काम बघायचं, आणि तसं तिथल्या मुख्य तंत्रज्ञांकडून लिहून आणायचं, अशी अट होती. या मुख्य तंत्रज्ञ म्हणजे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर सही घेतली आणि सांगितलं, "इथं जे दिसतं ते इथंच ठेवायचं. आणि ओळखीचं कुणी तपासणीला आलं तर मला सांगायचं, बाहेर जायचं. बाकी प्रश्न कितीही विचार."

धाकटीनं भरपूर विचारले. पंचावन्न तास झाले तोवर काचेपलीकडच्या माणसाला श्वास कधी रोखायला सांगायचा, सुईतून औषध सोडल्यावर किती सेकंद थांबायचं, हे तिला पाठ झालं होतं. पडद्यावरचं यकृत, मूत्रपिंडं, पाठीचे मणके ती ओळखायला लागली होती. एका म्हाताऱ्याच्या यकृतावर काळपट ठिपके दिसले तेव्हा मॅडमनी हळूच सांगितलं होतं, "हे दुसरीकडून पसरत आलेलं असतं." त्यानंतर आठवडाभर तिला जेवण नीट गेलं नव्हतं.

शेवटचे पाच तास उरले होते आणि कागद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जमा करायचा होता. अकराच्या सुमाराला काचेपलीकडचं दार उघडलं आणि हिरवा गाऊन घातलेली वहिनी आत आली.

तिचं पोट दोन महिने दुखत होतं. घराजवळच्या डॉक्टरांनी सीटी लिहून दिलं होतं, पण तारीख पुढच्या आठवड्यातली होती. कुणीतरी रद्द केलं म्हणून तिला आजच बोलावलं असावं. फॉर्मवर तिचं माहेरचंच आडनाव होतं. मॅडमना कळायचं काही कारण नव्हतं.

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. शब्द ओठांपर्यंत आले. बाहेर गेलं की तास अपुरे, कागद गेला, वर्ष गेलं. ती परत खाली बसली.

मायक्रोफोनवर मॅडम म्हणाल्या, "श्वास घ्या. रोखून धरा." पडद्यावर चित्रं सरकू लागली. मॅडमचा माउसवरचा हात थांबला. मागे गेला, पुन्हा थांबला. यकृतावर ठिपके होते. मोजायला गेलं तर मोजता आले नसते.

मॅडमनी फोन उचलून हॉस्पिटलच्या डॉक्टरांना बोलावलं. धाकटीकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "वय बघ. बेचाळीस."

संध्याकाळी तिच्या कागदावर साठ तासांची सही झाली.

घरी वहिनी भाजी चिरत होती. "तू आतच होतीस ना गं? मला काचेतून सगळे सारखेच दिसले. कसा आला माझा फोटो? डोळे मिटलेले नाहीत ना?"

"मला कुठं कळतंय त्यातलं," धाकटी म्हणाली. "रिपोर्ट तेवढा लवकर आण."

"रिपोर्ट आपल्या डॉक्टरांकडेच जातो, आणि ते सुट्टीवर गेलेत. आले की बघतील."

धाकटीनं आणखी दोनदा रिपोर्टचा विषय काढला, दोन्ही वेळा सहज काढल्यासारखा. हॉस्पिटलनं फोन केले होते, पण फॉर्मवर दादाचा जुना, बंद पडलेला नंबर होता. वहिनीचं दुखणं मधे थोडं कमी झालं. एका सकाळी ती आरशासमोर उभी राहिली, कमरेवरचा सैल कपडा मुठीत धरून म्हणाली, "बारीक झालेय ना मी? चालायला जातेय त्याचा गुण." धाकटी हो म्हणाली. वहिनीनं दोन दिवस बसून स्वतःचे चार कपडे टाके घालून घट्ट केले.

मुलाखतीत तिघेजण समोर होते. एकानं विचारलं, "ओळखीच्या माणसाची तपासणी समोर आली तर?"

"सांगून बाहेर जाईन," धाकटी म्हणाली. "आणि घरी काही बोलणार नाही."

तिघांनीही माना डोलावल्या. यादी लागली. ती चौथी होती. वहिनीनं तिला मिठी मारली तेव्हा तिच्या खांद्याची हाडं धाकटीला टोचली.

त्यानंतर चारच दिवसांनी डॉक्टर सुट्टीवरून परतले, टेबलावरचा गठ्ठा उपसला आणि स्वतः येऊन दार वाजवलं. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी सांगितलं. धाकटी भिंतीला टेकून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर वहिनीनं रिपोर्टवरची तारीख पाहिली, मग धाकटीकडे पाहिलं.

"तुला कळलं होतं."

धाकटीनं मान हलवून हो म्हटलं.

"महिना झाला."

"डॉक्टर म्हणाले ना, महिन्यानं उपचारात फार फरक पडला नसता..."

"माझी बहीण ये ये म्हणून बोलावत होती. मी म्हटलं, उन्हाळ्यात बघू. आता सलाइन लावून जाऊ तिच्याकडे?" वहिनीचा आवाज चढला नव्हता. "आरशासमोर तुला विचारलं मी. हो म्हणालीस."

"सांगायची परवानगी नव्हती, वहिनी."

"मग रडायचं होतंस. मी ओळखलं असतं."

त्या दिवसापासून वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलू लागली. दुसऱ्या सीटीची वेळ आली तेव्हा प्रशिक्षण सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि धाकटी त्याच खोलीत होती. टेबलावर झोपायच्या आधी वहिनीनं मॅडमना सांगितलं, "ती आत नको. माझी नणंद आहे."

मॅडमनी फक्त दाराकडे बोट दाखवलं. तपासणी झाल्यावर त्या बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर ये-जा करत होते.

"त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तास कमी पडले असते. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती."

"संध्याकाळच्या पाळीला बसवून तुझे तास मी पुरे केले असते," मॅडम म्हणाल्या. "आणि फोन लागत नाही म्हटल्यावर तुलाच विचारलं असतं, नवा नंबर काय. दोन दिवसांत तिला डॉक्टरांसमोर बसवलं असतं." त्यांनी एका स्ट्रेचरला वाट करून दिली. "मी हे वर कळवणार नाही. का नाही, ते मलाही माहीत नाही. जा, तीन नंबरला पेशंट थांबलाय."

वहिनी पाच महिने टिकली. शेवटी शेवटी तिला कूस बदलायलाही माणूस लागायचा. काठावर न ओढता, चादरीसकट, दुखणाऱ्या बाजूला हात न लावता कसं वळवायचं, हे प्रशिक्षणात शिकवलेलं धाकटी घरी करायची. वहिनी करू द्यायची. एकदा वळवताना ती म्हणाली, "दादाला सांगू नकोस तुझं ते. त्याला दुसरं कोण आहे आता?"

"तू माफ केलंस मला?"

"ते नाही म्हणाले मी," वहिनी म्हणाली आणि पाणी मागितलं.

ती गेल्यावर लोक भेटायला येत राहिले. दादा प्रत्येकाला सांगायचा, "पाचशेत बारा घेतात, त्यात हिचा नंबर लागला. सगळं हिच्या वहिनीनं केलं. जायच्या आधी डोळ्यांनी बघून गेली, तेवढं तरी समाधान." लोक धाकटीकडे कौतुकानं बघायचे. ती कप गोळा करून आत जायची, नळ मोठा सोडायची आणि धुतलेले कपही पुन्हा धुवायची.

चौथ्या दिवशी सकाळी सातला तिची छातीच्या एक्स-रेवर पाळी होती. दादानं विचारलं, "इतक्यात जातेस?"

"रजा संपली," ती म्हणाली, आणि गेली.