हरणीचा रिपोर्ट

रणजीतने उभ्या जन्मात कुठलीच गोष्ट वेळेवर केली नव्हती. पेरणी उरकल्यावर खताची गोणी आणायची आणि पाहुणा उंबऱ्याबाहेर पडल्यावर 'चहा टाक' म्हणायचं, असा त्याचा खाक्या. पण हरणीला पहिल्यांदा कुत्रा लावायचं ठरलं आणि या गड्याच्या अंगात लेकीचा बाप संचारला. दिवस मोजायचा, याद्या वाचायचा, रोज दोनदा तिच्या डोळ्यांत बघायचा. तांड्यातली माणसं येता-जाता विचारायची, रणजीत, मांडव कधी घालतो. तो रागवायचा नाही. उलट खूश व्हायचा.

हरणी म्हणजे त्याची कारवानी कुत्री. तीन वर्षांची, पोट पाठीला लागलेलं, पाय सडपातळ, आणि धावायला लागली की सशाने आशा सोडावी. तांडा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचा तेव्हा राखणीला हीच जात असायची. बैल गेले, फिरणं गेलं, सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे तांडा शेती करत बसला, आणि त्या जातीचं निखळ रक्त म्हणून हरणी एकटीच उरली. रणजीतचा बाप दोन वर्षांपूर्वी गेला. जाताना म्हणाला, हरणीचं वेत बघायचं राहिलं. नातू बघायचा राहिला, असं म्हणाला नाही. त्या घरात नातवाचं नाव काढायची चोरी होती.

त्याचं कारण शिला, रणजीतची बायको. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं वाहून गेलं. दुसऱ्या खेपेला औंढ्याच्या डॉक्टरीणबाईने रक्त तपासायची चिठ्ठी लिहून दिली होती. पुढच्या चकरेला करू, असं रणजीत म्हणाला. ती पुढची चकर काही झाली नाही, चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचलेली राहिली. तिसऱ्या खेपेला रणजीतच्या आईने, रुख्मिणीबाईने, दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. एका बाबाकडे नेऊन सुनेच्या कमरेला दोरा बांधून आणला. दिवाळी झाली आणि दोऱ्यासकट सगळं संपलं.

तेव्हापासून म्हातारीच्या मनाने घेतलं होतं. तिने रणजीतसाठी तिच्या नात्यातली एक मुलगी हेरून ठेवली होती, निता नावाची. पौर्णिमेला तांड्याच्या नायकासमोर बैठक बसवायची, शिलाच्या बापाला कनेरगाव नाक्याहून बोलावून घ्यायचं आणि काडीमोड करून पोरगी त्याच्या हवाली करायची, असं ठरलं होतं. रणजीतला बायको नकोशी झाली होती असं अजिबात नाही. शिला त्याला आवडायची. पण आईपुढे तोंड उघडायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची, आणि पौर्णिमा लांब आहे, असं तो स्वतःला रोज सांगायचा.

हरणीसाठी नर मिळाला तो शिरड शहापूरच्या विजयकुमारचा. हा चांगला बागायतदार, कुत्र्यांचा नादी. त्याच्या बादशहाला जातीचे कागद होते, शहरातल्या शोमधला पट्टा होता. विजयकुमार गोड बोलायचा, पण अटींना पक्का. वेतातलं एक पिल्लू त्याचं. कुत्रीला जंताचं औषध, लसी, सगळं वेळच्या वेळी. आणि रक्ताचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुत्री फाटकाच्या आत घ्यायची नाही. माझ्या जनावराला काही लागलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू, असं त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं आणि वर मोबाइलवर यादी पाठवली.

यादी रणजीतकडे आली, काम शिलाकडे. उकडलेली अंडी, सोललेली कोंबडी, दर आठवड्याला वजन, गोचिड वेचणं. वजन करायचं तर शिला हरणीला उचलून काट्यावर उभी राहायची आणि मग आपलं वजन वजा करायची. आपलं वजन दर खेपेला उतरतंय हे तिला दिसायचं. ती कुणाला बोलली नाही. तिला मधून मधून ताप यायचा, घामाने अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे. रुख्मिणीबाई म्हणायची, कामाच्या वेळेला बरा येतो ताप.

आणि काम तर शिलाशिवाय हलत नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घरात बाजारातून शेळ्या आल्या, त्यांची बाळंतपणंही तिच्याकडेच. तिचे हात बारीक. अडलेलं करडू अलगद ओढून काढायची. त्या शेळ्यांत काहीतरी होतं. वर्षाला दोन-तीन तरी मेलेलं करडू टाकायच्या. म्हातारीचा त्या बाबतीत एक नेम होता, तिच्या सासूकडून आलेला: मेलेलं करडू आणि वेतानंतर पडणारा जार बाहेर टाकायचा नाही. बाहेरच्या कुत्र्याने नेलं तर घरची बरकत त्याच्या तोंडून जाते. घरच्या कुत्र्याला घालायचं, म्हणजे बरकत घरात राहते. शिला टोपल्यात भरून द्यायची आणि रणजीत ते टोपलं हरणीपुढे ठेवायचा. हरणी आवडीने खायची.

रक्त द्यायला तिघं हिंगोलीला गेली, मोटारसायकलवर, मधे हरणी. जनावरांचा डॉक्टर तरुण होता, हाताचा हलका. शिलाने हरणीचं तोंड छातीशी धरलं होतं. तिने सहज विचारलं की हे रक्त कशासाठी काढता. डॉक्टरने नळीवर चिकटपट्टी लावता लावता सांगितलं, एक रोग असतो. मादी दिसायला चांगली असते, गाभण राहते, पण गर्भ टिकत नाही. मधेच पडतो. म्हणून आधी बघायचं.

शिलाने हरणीला मोटारसायकलवर चढवलं. औंढ्याच्या वाटेला लागल्यावर, मागून, वाऱ्यात तिचा आवाज आला.

"अवं. माझं बी एकदा तपासून बघा की."

"बघू," रणजीत म्हणाला. "हरणीचं हे एकदा होऊन जाऊ दे."

असं कोणी बोलतं का? पण तो बोलला, आणि आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटलंही नाही. पुढच्या फाट्यावर त्याने हरणीला बिस्किटं घेतली.

नंतर आठवड्याभरात हरणी माजावर आली. ओसरीवर रक्ताचे थेंब दिसले तेव्हा शिलाने कॅलेंडरवर खूण केली. अकराव्या दिवशी आणा, विजयकुमारने सांगितलं. रणजीतने तिला कोठीत कोंडलं, दाराला साखळी लावली, तांड्यातली गावठी कुत्री जमायला लागली तशी काठी घेऊन स्वतः दारात बसला. दिवस मोजता मोजता त्याच्या ध्यानात आलं की दहावा दिवस म्हणजेच पौर्णिमा. लागोपाठच्या दिवशी दोन्ही कामं. त्याने बैठकीचा विचार बाजूला सारला आणि हरणीला न्यायला शेजाऱ्याची गाडी सांगून ठेवली.

पौर्णिमेच्या सकाळी डॉक्टरचा फोन आला. रिपोर्ट फोनवर नाही सांगत, या म्हणाला.

रणजीत गेला. डॉक्टरने कागद पुढे सरकवला आणि खुर्ची दाखवली. कुत्रीला तोच रोग निघाला होता. लावायची नाही, या खेपेला नाही आणि कधीच नाही. मग डॉक्टरने विचारलं की शेळ्या आहेत का, करडं टाकतात का, जार कुठे टाकता. रणजीतने टोपल्याचं सांगितलं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. म्हणाला, शेळ्यांतूनच कुत्रीला लागला असणार. आणि हा माणसालाही लागतो. कच्च्या दुधातून लागतो, वेताच्या वेळी हात घातला की लागतो. ताप येतो-जातो, घाम सुटतो, सांधे धरतात. बाईच्या पोटात मूल असेल तर पडू शकतं. पण माणसाला औषध आहे, दीड महिना गोळ्या नेमाने घेतल्या की बरं होतं.

"घरात कुणाला असा त्रास आहे का?" डॉक्टरने विचारलं. "ताप? कुणाचा गर्भ पडलाय?"

"न्हाई," रणजीत म्हणाला. "कुणाला न्हाई."

ते तोंडातून निघून गेलं. डॉक्टर म्हणाला, तरी सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, आणि त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परतीची वाट तासाभराची. तेवढ्यात रणजीतला सगळं कळलं. कळायला तो काही बुद्दू नव्हता. शिलाचे तीन आणि शेळ्यांची करडं, सगळं एका माळेत आलं. टोपलं त्याने स्वतः उचललं होतं. चिठ्ठी त्याने स्वतः खोचली होती. शिला वांझ नव्हती, अपशकुनी नव्हती. ती आजारी होती आणि तो आजार या घराने तिच्या हातावर ठेवला होता. खरं सांगायचं तर आईच्या तोंडावर सांगावं लागणार होतं की याडी, तुझ्या नेमाने तुझी तीन नातवंडं खाल्ली. आणि तिने विचारलं असतं, चिठ्ठी तुझ्या हातात होती, तू काय करून राहिला होतास? धरणाच्या कालव्यापाशी त्याने गाडी थांबवली, कागदाची चौघडी करून आतल्या खिशात घातली आणि थोडं रडला. मग तोंड धुऊन पुढे निघाला.

तांड्यात लिंबाखाली सतरंजी पडलेली होती. रूपसिंग नायक बसला होता, चार जाणते होते, शिलाचा बाप प्रेमसिंग मान खाली घालून बसला होता. रुख्मिणीबाई पदर सावरून पुढेच. शिला तिच्या बोचक्याशेजारी, जरा अंतरावर. रणजीतच्या हातात वाळकी काडी दिली गेली. ती चारचौघांत मोडली की नातं तुटलं, एवढाच विधी.

रूपसिंग नायक शहाणा माणूस. त्याला हे काम रुचलेलं नव्हतं. तो म्हणाला, "रणजीत, काडी मोडायच्या आगूदर एक सांग. पोरीचा दवाखाना केला का? रक्त तपासलं का तिचं?"

देवाने यापेक्षा उघडं दार कोणाला दिलं नसेल. कागद खिशात होता. नुसता काढून सतरंजीवर ठेवायचा होता. रणजीतने आईकडे बघितलं.

"केलं," तो म्हणाला. "काई निघालं न्हाई."

"खोटं हाय, नायक," शिला बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "कुतरीचं तपासलं. माझं न्हाई तपासलं."

कुजबुज झाली. रुख्मिणीबाई म्हणाली की जाणारी बाई असंच बोलणार. नायकाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि रणजीतला पुन्हा विचारलं, बापाची आण घालून विचारलं. रणजीतने बापाची आण घेतली. मग नायकाला विचारण्यासारखं काही उरलं नाही. काडी वाळलेली होती, बोटाच्या जोरानेच मोडली.

प्रेमसिंगने बोचकं गाडीला बांधलं. कोठीत हरणीला शिलाचा वास लागला होता, ती दारावर पंजे मारत होती. शिला दारापाशी गेली, फटीतून दोन बोटं आत घातली, चाटू दिली. रणजीत साखळीपाशी उभा होता.

"हरणीचा रिपोट आला का?" तिने विचारलं.

"न्हाई अजून."

"आला की मला सांगा," शिला म्हणाली, आणि बापाच्या मागे जाऊन बसली. गाडी कनेरगाव नाक्याच्या वाटेने गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

दिवस मावळायला रुख्मिणीबाई चुलीपाशी बसली. मोठं काम पार पडल्यासारखा तिचा चेहरा होता. तिने विचारलं, सकाळी शिरडला किती वाजता निघायचं, हरणीला अंडी आताच उकडून ठेवू का. रणजीत म्हणाला की निघायचं नाही. रिपोर्ट आलाय. हरणीला रोग आहे, तिच्या पोटी पिल्लू टिकायचं नाही. माणसाबद्दल डॉक्टर काय म्हणाला ते त्याने सांगितलं नाही.

म्हातारीचा हात थांबला. तिला खरंच वाईट वाटलं. नवऱ्याच्या हातचं जनावर होतं ते.

"मुकं जनावर, तिचा काय दोष?" ती म्हणाली. "लागंल त्या डाक्टरकडं ने. औषध कर तिला. टाकू नको."

रणजीतने ताट बाजूला सारलं. तो उठून ओसरीवर गेला. गोठ्यात एक शेळी पाय झाडून ओरडत होती. वेळ भरलेली नव्हती तिची. रुख्मिणीबाई कंदील घेऊन गेली, वाकून बघितलं, आणि सवयीने शिलाला हाक मारली. हाक मारल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिथूनच लेकाला म्हणाली की आजच्या दिवस तू हात घाल. आणि ते टोपलं आण.

"पुढल्या वेताला निता असंल," ती म्हणाली. "मी बघून आले तिचे हात. शिलाहून बारीक हाईत."

रणजीतने खिशावर हात ठेवला. मग तो टोपलं आणायला गेला.