सहापैकी एक स्क्रू

मी डायनामो बोलतोय. विज्ञान संग्रहालयाच्या तळमजल्यावर, कार्यशाळेच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला. नाव ऐकून बिचकू नका. माझा दांडा गरागरा फिरवला, की समोरचे तीन चिमुकले दिवे पेटतात. ना सेल, ना प्लग. एवढंच माझं काम, आणि ते मी तेवीस वर्षं इमानेइतबारे करतोय.

माझा जन्म याच इमारतीच्या मागच्या शेडमधला. तिथे संग्रहालयाचे मेस्त्री बसायचे. मोडक्या शिलाई मशीनचं चाक, फुटक्या लाउडस्पीकरमधली चुंबकं आणि शाळेच्या जुन्या बाकाची फळी, एवढ्यावर त्यांनी मला उभं केलं. तांब्याची तार गुंडाळायचं काम मात्र घरी गेलं, कारण त्यांच्या बायकोचा हात हलका. वेढे हजार घालायचे होते. सातशेच्या पुढे कुठेतरी शेजारीण गप्पा मारायला आली आणि मोजणी बोंबलली. मेस्त्री म्हणाले, "घाल गं अजून दोनशे, दिव्याला कुठे मोजता येतंय!" त्यामुळे माझ्या अंगावर नेमके वेढे किती, हे आजवर कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

शाळांच्या सहली येतात तेव्हा मजा बघावी. "मला येतं, मला येतं" म्हणत पुढे घुसणारा मुलगा दांडा उलटाच धरतो. सर आधी खुर्ची शोधतात. आणि रांगेत सगळ्यात मागे उभं राहिलेलं पोर नेमकं माझ्या पोटाखाली वाकून बघतं. माझ्या फळीच्या खालच्या बाजूला चिकटलेलं च्युइंगगम कुणाचं, तेही मला ठाऊक आहे, पण जाऊ दे. ते गृहस्थ आता स्वतःच्या पोरांना घेऊन येतात.

मेस्त्री निवृत्त झाले आणि कार्यशाळा ताईकडे आली. ताई म्हणजे आमची शिकवणारी. आवाज खणखणीत, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की दिवे पेटले की मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरून जातात. मग तिने एक युक्ती काढली. माझ्या फळीवर तारा धरून ठेवणारे पितळेचे सहा स्क्रू आहेत. गट यायच्या आधी ती त्यातला एक हळूच ढिला करते. रोज वेगळा.

मुलं दांडा फिरवतात. दिवा नाही. "ताई, हे बिघडलंय!"

"बरं झालं! आता शोधा," ताई म्हणते.

मग काय विचारता! कुणी तार चाचपतो, कुणी दिव्याला टिचकी मारतो, दोघं भांडतात. अर्ध्या तासाने स्क्रू सापडतो, दिवे पेटतात आणि खोलीत असा काही आरडाओरडा होतो, की वरच्या मजल्यावरचा पहारेकरी जिन्यात येऊन बघतो. माझं सुख म्हणाल तर ते हेच.

गेल्या वर्षी मात्र या सुखावर गदा आली. नव्या संचालकबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, शिस्तीच्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की इतकी जुनी वस्तू पोरांच्या हाती कशाला? काचेच्या कपाटात ठेवू, बाहेर एक बटण देऊ, आत मोटर दांडा फिरवेल. कपाटाची ऑर्डरही गेली. ताई हट्टाला पेटली. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे. बुधवारचा गट मी स्वतः बघते. मग ठरवू."

काचेत बसायचं म्हणजे जिवंतपणी फोटो होऊन राहायचं.

बुधवारी सकाळी ताईने डावीकडचा तिसरा स्क्रू ढिला केला आणि ती गटाला आणायला फाटकाशी गेली. तेवढ्यात कोण यावं? मेस्त्री! त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की आज तुमच्या डायनामोची परीक्षा आहे. म्हातारा धावत आला. चष्मा कपाळावर, हातात तेलाची बाटली. ताईची युक्ती त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी मला फिरवून पाहिलं, दिवा नाही, आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा, नेमकं आजच!" म्हणत त्यांनी सहाच्या सहा स्क्रू करकचून आवळले, तेल घातलं, चाक पुसलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पण ज्यांनी जन्म दिला, त्यांना काय बोलणार?

गट आला. पहिल्याच मुलाने दांडा फिरवला आणि तिन्ही दिवे झळाळले. टाळ्या. दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

"झालं?" एका मुलाने जांभई देत विचारलं.

संचालकबाई म्हणाल्या, "छान आहे. पण काचेत ठेवून बटण दिलं, तरी एवढंच दिसेल की."

त्यांचं काय चुकलं? मीसुद्धा तेच म्हणालो असतो. ताईने दाराकडे पाहिलं. तिथे मेस्त्री छाती फुगवून उभे होते. ताईला सगळं कळलं, पण ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही. मला त्या क्षणी खरंच रडू आलं.

आणि मागून एका मुलीचा बारीक आवाज आला. त्या मुलीला वर्गात सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. "ताई, हे बंद कसं पडतं?"

"म्हणजे?"

"पेटतं ते दिसलं. पण कशाने बंद पडतं ते बघितल्याशिवाय कळणार कसं?"

ताईने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला. संचालकबाई "अहो, अहो!" म्हणेपर्यंत प्रश्नपत्रिकेने एक स्क्रू सोडवलाही. दांडा फिरवणारा मुलगा एकदम पुढे धडपडला. दिवे गेले होते.

"अरेच्चा, हलकं झालं!"

स्क्रू पुन्हा आवळला. "आईशप्पथ, आता जड!"

"काहीतरीच काय," संचालकबाई म्हणाल्या. "जड कसं होईल? बघू." त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि माझा दांडा धरला. प्रश्नपत्रिका स्क्रू सोडत होती, आवळत होती. हलका, जड. हलका, जड. बाईंच्या कपाळावर घाम आला, पण दांडा काही हातातून सुटेना.

"कळलं!" प्रश्नपत्रिका ओरडली. "दिवे तुमच्या दंडातलं बळ खातायत!"

बाई थांबल्या. स्वतःच्या दंडाकडे बघत हळूच म्हणाल्या, "शाळेत मी हे पाठ केलं होतं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले होते. आणि कळलं आज."

माझ्या जिवात जीव आला.

काचेचं कपाट आलंच, ऑर्डर गेली होती ना. त्यात आता पोरांच्या पाण्याच्या बाटल्या असतात. मेस्त्री अधूनमधून येतात, ताईला विचारतात, "आज कुठला?" आणि शिवशिवणारे हात पाठीमागे बांधून उभे राहतात. मी म्हातारा झालोय, कुरकुरतो, पण मजेत आहे.

तुम्हाला एकच विनवणी. मला नुसतं बघून जाऊ नका. मळलेल्या हातांनी या, ओढा, सोडा, बिघडवा. आत्ताच ताई एक स्क्रू ढिला करून फाटकाकडे गेली आहे. कुठला, ते मला ठाऊक आहे. पण मी सांगायचा नाही.