हसरं मुंडकं

शूटिंगच्या आधी डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडायचं आणि त्यापुढे डोकं टेकायचं, ही आम्हा कोरियातल्या सिनेमावाल्यांची रीत. मुंडकं मात्र हसरं हवं, नाहीतर सिनेमा पडतो. आम्ही फिल्म कॉलेजातली शहाणी पोरं, एरवी देवाधर्माला नाकं मुरडणारी. पण हसऱ्या डुकरासाठी तीन दुकानं पालथी घातली.

सिनेमा माझा, एका खेड्यातल्या खुन्याचा. गाव माझ्या मामाचं. मामा तिथला सरपंच. परवानगी मागायला गेलो तर म्हणाला, "गि-ते, आधी आमच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढून दे. मग हवे तेवढे मुडदे पाड."

दीर्घायुष्याचे फोटो म्हणतात त्यांना. नाव तेवढं गोड. माणूस गेला की तोच फोटो फुलांत ठेवून पुढे उदबत्ती लावायची.

आमचं शूटिंग करणाऱ्या रा-हीने गावच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला. दोन दिवसांत सगळे उरकले, फ्रेमवाल्याकडे गेलेसुद्धा. मेंग आजोबा तिसऱ्या दिवशी आले, एकटे, मामाचा कोट घालून. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तीस वर्षांपूर्वी गावातल्या एका बाईचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी यांना अकरा दिवस बडवलं होतं. पुढे खरा खुनी सापडला, यांना सोडलं. पण गावाने काही यांना सोडलं नाही. माझी कथा त्यावरूनच सुचलेली. मला सगळं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकतो.

"पोरी," आजोबा रा-हीला म्हणाले, "माझा जगात एकच फोटो आहे. पेपरातला. हातात पाटी धरलेला. त्यात मी खुनी दिसतो. यात तसा नको दिसायला."

त्यांनी जबडा आवळला, डोळे मोठे केले. रा-हीने फोटो काढला आणि मान हलवली.

"हसा की आजोबा! हे तोंड बघून यमदूतसुद्धा दारातून परत जाईल."

आणि म्हातारा हसला. डोळे मिटून, पोट धरून. रा-हीने तेवढ्यात दुसरा फोटो काढला.

"दात दिसले का गं?"

"दिसले. नाहीत तेसुद्धा दिसले."

"असू दे. हाच दे मला."

त्याच दुपारी मला 'खुनी फरार' असं लिहिलेलं पोस्टर हवं होतं. आमचा नट बँकेतल्या कारकुनासारखा दिसायचा. कॅमेऱ्यात आजोबांचा पहिला फोटो समोर आला आणि माझी लाळ गळली. घाबरलेला माणूस आणि क्रूर माणूस फोटोत सारखेच दिसतात.

"त्यांना विचार तरी," रा-ही म्हणाली.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"म्हणूनच विचार ना, मेल्या!"

ती तणतणत जेवायला गेली. मी पहिला फोटो उतरवून घेतला. पाठलागाच्या दृश्यासाठी कार्डात जागा हवी होती, म्हणून कार्ड पुसून टाकलं. हसरा काय, पुन्हा काढता येईल, असं वाटलं.

पोस्टर हॉलच्या दारावर चिकटवलं. शॉट झाला. काढायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बायका आत जेवणाची ताटं मांडत होत्या, तेवढ्यात आजोबा आले. अलीकडे कुठे त्या त्यांना पंगतीत बसू देऊ लागल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "बघा, पेपरातला परत आला." आजोबांनी बूट काढले होते. पोस्टर शेवटपर्यंत वाचलं, बूट पुन्हा घातले आणि घरी गेले.

मी धावत गेलो. "आजोबा, चला ना, हसरा फोटो पुन्हा काढू या."

दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "आता हसू नाही येत, बाळा. आहे तोच दे."

सिनेमाला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं. सर म्हणाले, "पोस्टरवरचा चेहरा कुठून पैदा केलास? बघताक्षणी कळतं, यानेच केलंय!" मी हसून वाकलो. त्या वाकण्याची मला आजही शिसारी येते.

थंडीत आजोबा गेले. पांढऱ्या शेवंतीत तोच फोटो, आवळलेला जबडा. गावातल्या चार बायका आल्या, फोटोकडे बघून कुजबुजल्या आणि डोकं न टेकता निघाल्या.

मामा माझ्याजवळ आला. "फोटो काढला त्या दिवशी मी हॉलबाहेर होतो. हसण्याचा आवाज आला. तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला रे. तो फोटो नाही का तुझ्याकडे?"

"नाही."

"पण काढला होता ना?"

"काढला होता. मी पुसला."

मी पुढे झालो आणि रीतीप्रमाणे दोनदा जमिनीला डोकं टेकलं. डुकराच्या मुंडक्यापुढेही असंच टेकलं होतं. ते मात्र हसत होतं.