बिनचहाचा तास

आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी पद्मजाच्या रक्ताचा कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं. सातवा महिना आणि रक्त आठ. दीड महिन्यात ते दहावर आलं तर बाळंतपण इथेच करू, नाहीतर नागपूरला पाठवावं लागेल, असं त्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या. पद्मजाची आई मालनबाई मनात हिशेब करू लागल्या. तामसी गावाहून आदिलाबादला बसनं रोज डबा नेता येतो. नागपुरात लेक कुठे आणि आई कुठे.

त्यांनी लेकीचं खाणं घडाघडा सांगितलं. ज्वारीची भाकरी, मेथी, तिळाची चटणी, वरून गूळ-शेंगदाणे, गोळी वेगळी.

"आणि मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मंग चहा."

"किती?"

"माणसं येतील तितका."

जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, गोळीतलंही नाही, असं मग मालनबाईंना कळलं. तासभर चहा नको. उलट भाजीवर लिंबू पिळा, जेवणासोबत पेरू द्या, म्हणजे तेच लोह जास्त अंगी लागेल.

लिंबू सोपं होतं. अवघड होती माणसं. पहिलटकरीण माहेरी आली म्हणून अर्धी गल्ली दुपारची जेवणं आटोपून तिला पाहायला येई. चहा पुढे केला की प्रत्येकजण म्हणे, मी काय एकटाच पिऊ? मग पद्मजाही पिई. तिच्या तब्येतीची चौकशी करकरून गावानं तिचं रक्त आठवर आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालनबाईंनी दुपारी सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं. पहिला पेला शेजारच्या घरात राहणाऱ्या धाकट्या दिरांच्या, चंपतरावांच्या हाती पडला. त्यांनी त्यात बराच वेळ पाहिलं.

"वैनी, माह्यं काई चुकलं काय?"

मालनबाईंनी लोहाची गोष्ट समजावली. चंपतरावांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"चहा लोखंड खात असता तं आपली गाळणी कधीच संपली असती," ते म्हणाले आणि पेला तसाच ठेवून उठले.

संध्याकाळपर्यंत मालनबाईंचा नवरा आणि चंपतराव या दोघा भावांत जमिनीची वाटणी होणार असल्याचं गावाला कळलं. दुसऱ्या दुपारी दोन वडीलधारी माणसं समेट करायला आली. त्यांनाही सरबत मिळालं, तेव्हा वाटणी पक्की झाली असं समजून ती परत गेली.

तिसऱ्या दिवशी चंपतरावांनी निषेध जाहीर केला. या घरचा चहा बंद झाला ना, मग ते रोज जेवणाच्या वेळी शेतातून येऊन तासभर इथल्याच ओट्यावर बसणार, म्हणजे दिराची किंमत काय झाली ते गावाला दिसेल. ते खरंच बसले. दारात एवढं दुःख बसलेलं असताना ते ओलांडून आत कोण जाणार? रोज येणाऱ्या बयनाबाई कोपऱ्यावरूनच माघारी वळल्या. बाकीचे तर गल्लीतही फिरकले नाहीत.

आत पद्मजा लिंबू पिळलेली मेथी खात होती, घड्याळाकडे बघत होती आणि पदर तोंडात धरून हसत होती. पुन्हा समजावायला निघालेल्या मालनबाई दारापर्यंत आल्या, रिकामी गल्ली पाहून थबकल्या आणि मुकाट्यानं आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी ओट्यावर एक पेरू पाठवला. निषेधात पेरू चालतो, असं चंपतरावांनी ठरवलं.

दीड महिना निषेध एक दिवसही चुकला नाही. मग मायलेकी पुन्हा आदिलाबादला जाऊन आल्या. ओट्यावर चंपतराव होतेच.

"भाऊजी, उठा आता. दहा पॉईंट दोन झालं. बाळंतपण आदिलाबादलाच."

चंपतरावांनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा पद्मजाकडे, आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं की दीड महिना ते नेमकी कशाची राखण करत बसले होते.

"हे दहा बाळंतपणापर्यंत टिकाले पायजे ना?"

"पायजे तं."

"मंग मी उद्याबी रागावूनच हाओ," ते म्हणाले आणि बसायला आणलेलं पोतं नीट झटकून पुन्हा अंथरलं. "चहा तासाभरानं आणा."