चादर पांघरून झोपणारा दांडा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! गळ्याची शपथ घेतली असती, पण मला गळा नाही. म्हणून माझ्या दोन्ही टोकांची शपथ. खोटं बोललो तर मला केळ्यासारखं वाकवा.

मी एक जुना दांडा आहे. व्यायामशाळेतला, लोखंडाचा. माझ्या टोकांना वजनाच्या चकत्या अडकवायच्या, मधे धरायचं आणि उचलायचं. एवढंच माझं काम. माझा जन्म एका बुडालेल्या जहाजाच्या नांगरातून झाला. मला भट्टीत घातलं तेव्हा इतकी धग सुटली, इतकी धग सुटली, की शेजारच्या कोंबड्यांनी उकडलेलीच अंडी घातली. हसता काय? शपथ घेतलीय ना मी!

उमेदीच्या काळात माझा थाट विचारू नका. एकदा एका पैलवानाने मला डोक्यावर धरलं आणि नेमकी त्याला शिंक आली. मी जो उडालो तो छप्पर फोडून वर. खाली येईपर्यंत त्याचा चहा पिऊन झाला होता. लोक मला पुसायचे, तेल लावायचे, पाठ थोपटायचे. मग नवी चकचकीत यंत्रं आली आणि माझी रवानगी माळ्यावर. पडून राहण्यात सुख असतं असं वाटतं ना? काही नाही हो. अंगावर गंज चढला आणि एका कोळ्याने माझ्यावर संसार थाटला.

तिथून मला काढलं मावशीने. मावशी म्हणजे व्यायामशाळेची नवी मालकीण. तरुणपणी स्वतः वजनं उचलायची, आता दुसऱ्यांना उचलायला लावते आणि स्वतः तोंडाचा पट्टा चालवते. तिने मला घासूनपुसून खाली ठेवलं आणि एक अजब रीत सुरू केली. एक दिवस काम झालं की दुसऱ्या दिवशी माझ्यावर जुनी ठिगळाची चादर घालायची. चादर दिसली की कुणी मला हात लावायचा नाही.

"लोखंडाला कसली झोप, मावशी?" लोक हसायचे.

"त्याला नसते रे. पण तुम्हाला झोपा म्हटलं तर ऐकता का? म्हणून त्याला झोपवते. अंग उचलताना मोडतं आणि आराम करताना जुळतं."

मावशीची एक भाची होती. पाय जमिनीवर ठरतील तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. बटणांच्या दुकानात कामाला होती, पण तिला व्हायचं होतं आग विझवणाऱ्यांच्या पथकात भरती. परीक्षा अशी, की माणसाएवढा वाळूचा बाहुला खांद्यावर घ्यायचा आणि जिन्याने वरच्या मजल्यावर न्यायचा. मागच्या खेपेला बाहुला अर्ध्या जिन्यात तिच्या खांद्यावरून निसटला आणि पायऱ्या मोजत खाली गेला. आता वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. यंदा हुकली तर जन्मभर बटणं.

मावशीने तिला एक दिवस आड यायला सांगितलं. भिंगरीने मान डोलावली आणि केलं स्वतःच्या मनाचं. मावशीच्याच घरी राहायची, व्यायामशाळेची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला. सुट्टीच्या दिवशीही मावशी उठायच्या आत येऊन ती माझी चादर ओढायची, घाम गाळायची आणि चादर परत घालून पसार!

सुरुवातीला बरं चाललं. मग तिचे हात थरथरायला लागले. जेवण जाईना, झोप लागेना. माझ्यावरच्या चकत्या वाढायच्या सोडून उलट कमी कराव्या लागल्या. तसतशी ती आणखी इरेला पेटली.

शेवटी एका सकाळी मीच ठरवलं, बास झालं. जमीन अशी गच्च धरून ठेवली, अशी गच्च, की पोरगी ओढून ओढून लाल झाली, पण मी हललो नाही. एरवी ती मला सहज उचलायची. ती माझ्याशेजारी फतकल मारून बसली आणि रडली. "मला नाही जमायचं," म्हणाली. मला फार वाईट वाटलं, पण लोखंडाने डोळे कुठून पुसावेत?

जाताना तिने चादर घातली ती उलटी. एरवी दाराकडे असणारा ठिगळाचा कोपरा भिंतीकडे गेला. मावशीच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, तिथे ठिगळ काय सुटणार!

पुढच्या सुट्टीला भिंगरी आली, चादर ओढली, आणि किंचाळलीच. माझ्याशेजारी मावशी आडवी!

"मावशी! तू इथे?"

"झोपलेय. आज सुट्टी आहे ना."

"अगं, परीक्षा तोंडावर आलीय!"

"म्हणूनच. कणीक मळून झाली की झाकून ठेवतेस ना? की पोळी लाटेपर्यंत बुक्केच मारत बसतेस?"

"पण मी थांबले आणि जोर गेला तर?"

"जोर काय बटण आहे का, घरंगळून जायला? आहे तो तुझ्यातच आहे, थकव्याखाली गाडला गेलाय. आता मला उठता येत नाहीये. धर हात."

त्या दिवसापासून किल्ली मावशीच्या कमरेला. भिंगरी वेळेवर जेवली, पोटभर झोपली. आली की जेवढं ठरलं तेवढंच उचलायची. परीक्षेआधी तर मावशीने अगदी हलकी वजनं दिली. हात शिवशिवायचे तिचे, पण चादर दिसली की गुपचूप परत जायची.

परीक्षेच्या दिवशी मी दिवसभर दाराकडे कान लावून होतो. संध्याकाळी भिंगरी आली. धूळभरले कपडे, खांद्यावर वाळू.

"काय गं?" मावशीने विचारलं.

"वर नेला. वर पोचल्यावर साहेब म्हणाले, ठेवा आता खाली."

"मग?"

"मी म्हटलं, इथेच ठेवू की आणखी एक मजला चढू?"

मावशी हसता हसता डोळे पुसायला लागली. भिंगरीने मात्र माझ्याकडे येऊन चादर उलगडली, ठिगळाचा कोपरा दाराकडे करून माझ्यावर नीट घातली आणि हळूच थोपटलं.

तर मित्रांनो, मला माळ्यावर टाकू नका, गंज चढतो. आणि रोज रोज छळूही नका. तुमच्या अंगालाही हेच लागू.

बरं, शपथ मोठी घेतली होती, म्हणून एक सांगून टाकतो. मी जमीन धरून ठेवली होती ना, तेवढं मी रचलं. त्या सकाळी मी नेहमीएवढाच जड होतो. जड झाला होता तो तिचा थकवा.

बाकी सगळं खरं. उकडलेल्या अंड्यांसकट.